घडीच्या फोनची कुळकथा

वस्तु मोठी असावी, पण ती ठेवण्यास जागा थोडी लागावी, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. नऊवारी लुगड्यापासून प्रवासांतल्या वळकटीपर्यंत आणि छत्रीपासून आरामखुर्चीपर्यंत घरांतील कितीतरी वस्तूंनीं ही इच्छा एकाच उपायानें पुरी केली आहे. तो उपाय म्हणजे घडी. गेल्या कांहीं वर्षांत या यादींत एका नव्या वस्तूची भर पडली. खिशांतला स्मार्टफोन आतां मधोमध मिटतां येतो. त्याचा पडदा पुस्तकासारखा उघडतो आणि मिटतो. या वस्तूची किंमत साध्या चांगल्या फोनच्या कित्येक पट आहे, आणि ती घ्यावी कीं न घ्यावी याविषयींचा वाद आमच्या परिचयाच्या बऱ्याच सुशिक्षित घरांत ऐकूं येऊं लागला आहे. म्हणून ती खरोखर उपयोगाची आहे काय, आणि तिच्यावर पैसा घालावा काय, हा प्रश्न येथें विचारास घेतला आहे. दुकानदार त्याचें उत्तर आजच्या जाहिरातींत शोधतो. आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. तेव्हां आम्ही तें मागच्या घड्यांत शोधणार, हें वाचकांनीं गृहीत धरावें.

घडीचा सर्वांत मोठा विजय म्हणजे ग्रंथ. इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत रोमन लोक गुंडाळीवर वाचीत असत. त्या शतकाच्या अखेरीस मार्शल नांवाच्या कवीनें, चर्मपत्रांच्या घड्या घालून केलेलीं लहान पुस्तकें प्रवासांत बरोबर नेण्यास सोयीचीं आहेत, तीं एका हातांत मावतात, अशी शिफारस आपल्या वाचकांस केली आहे. तरीही गुंडाळी लगेच गेली नाहीं. तिची जागा पुरतेपणीं घेण्यास घडीच्या पुस्तकाला आणखी सुमारें तीन शतकें लागलीं. पुढें १५०१ सालीं व्हेनिस येथील आल्दुस मानुतिउस या मुद्रकानें छापील तावाच्या तीन घड्या घालून होणाऱ्या आठ पत्रांच्या लहान आकारांत व्हर्जिलचें काव्य प्रसिद्ध केलें, आणि तोंवर मेजावर ठेवून वाचावयाचा अभिजात ग्रंथ सुशिक्षित माणसाच्या हातांतून हिंडूं लागला. आपल्याकडे ताडपत्र दुमडत नाहीं, तें मोडतें. म्हणून पोथी सुट्या पानांची राहिली, आणि कागद आल्यावरही कित्येक शतकें आपण तो आडव्या सुट्या पानांतच लिहीत राहिलों. जुन्या साहित्याची संवय नव्या साहित्यावर किती काळ राज्य करते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

पण ग्रंथाची घडी टिकली ती केवळ जागा वांचली म्हणून नव्हे. गुंडाळींतील मधलें स्थळ काढावयाचें तर ती तेथपर्यंत उलगडावी लागे; पुस्तकांत बोट घालून हवें तें पान उघडतां येऊं लागलें, आणि पत्राच्या दोन्ही बाजू लिहिण्याच्या कामीं आल्या. म्हणजे उघडल्यावर हातीं जें आलें, तें गुंडाळींत नव्हतेंच. घडीच्या कोणत्याही यंत्राला आम्ही हीच कसोटी लावतों: मिटल्यानें काय वांचलें, हें दुय्यम, उघडल्यावर नवें काय मिळालें, हें मुख्य.

फोनला घडी घालण्याची कल्पना स्मार्टफोनहून बरीच जुनी आहे. १९६५ सालीं इटलींत मार्को झानुसो व रिचर्ड सॅपर या दोघां रचनाकारांनीं 'ग्रिल्लो' म्हणजे रातकिडा या नांवाचा घरगुती फोन सिद्ध केला. मिटलेला असतां तो शिंपल्यासारखा दिसे. उघडला कीं ऐकण्याचा भाग कानाशीं आणि बोलण्याचा भाग तोंडाशीं येई. हाताबरोबर हिंडणारा फोन त्या वेळीं नव्हता. तो पुढें १९७३ सालीं मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर प्रथम वापरून दाखविला, आणि दहा वर्षांनीं विक्रीस सिद्ध झाला तेव्हां त्याचें वजन पाऊण किलोच्या घरांत व किंमत ३,९९५ डॉलर होती. लोक त्याला वीट म्हणत, व तें नांव अन्यायाचें नव्हतें. त्याच कंपनीनें जानेवारी १९९६ मध्यें 'स्टारटॅक' हा मिटणारा फोन पुढें आणला. वजन अवघें ८८ ग्रॅम. आपल्या देशांत पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसू यांनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं केला होता. म्हणजे आपण मोबाइलच्या दारांत पाऊल टाकलें त्याच सुमारास जगांत त्याला घडी पडली.

या घडीमागें पक्कें कारण होतें, आणि तें मनुष्याच्या चेहऱ्यांत होतें. कान आणि तोंड यांच्यामधील अंतर कांहीं केल्या कमी होत नाहीं. बोलतांना यंत्र त्या अंतराएवढें लांब हवें आणि खिशांत मात्र त्याच्या निम्मेंच हवें. शिवाय मिटल्यानें कळा झांकल्या जात आणि संभाषण संपे. फट्दिशीं फोन मिटून बोलणें तोडण्यांत जें एक समाधान होतें, तें आजच्या कांचेवर बोट टेकून मिळत नाहीं. २००४ सालीं आलेला मोटोरोलाचा 'रेझर' तेरा कोटींहून अधिक विकला गेला, यांत नवल नाहीं. १९९६ च्याच सुमारास नोकियानें निराळी वाट धरली होती. तिचा '९००० कम्युनिकेटर' आडवा उघडे, आणि आंत रुंद पडदा व टंकलेखनाच्या कळा निघत. वजन सुमारें चारशें ग्रॅम, खिसा फाटावयाचाच. पण आजच्या पुस्तकी घडीच्या फोनचा खरा पूर्वज तोच, कारण उघडल्यावर तो फोन राहत नसे, कचेरी होई.

९ जानेवारी २००७ रोजीं स्टीव्ह जॉब्स यांनीं आयफोन दाखविला आणि ही सगळी घराणीं एका झटक्यांत निर्वंश होऊं लागलीं. कळा गेल्या; यंत्राचें सारें तोंड कांचेचें झालें; आणि कांचेला घडी नाहीं. आरंभीं या कांचेचा कर्ण साडेतीन इंच होता. २०११ सालीं सॅमसंगनें ५.३ इंचांचा 'नोट' काढला तेव्हां त्याच्या आकाराची थट्टा झाली. आज तेवढा फोन लहानांत गणला जाईल. पडदे वाढत वाढत सात इंचांच्या आसपास पोंचले, आणि तेथें तळहात व खिसा या दोघांनींही हात टेकले. त्याच वेळीं दुसरी एक गोष्ट घडली. २०१७ च्या सुमारास जगांतील स्मार्टफोनांची वार्षिक विक्री वाढण्याची थांबली. जुना फोन चांगला चाले. लोक तो बदलीनात. तेव्हां कारखानदारांस अशी कांहीं नवलाई हवी होती कीं जी दुकानाच्या काउंटरावर नुसती पाहतांच कळावी. मोठ्या पडद्याची भूक गिऱ्हाइकाची होती, नवलाईची भूक कारखानदाराची होती. घडीच्या फोनच्या जन्माला दोन्ही कारण झाल्या, आणि त्याचें मूल्य ठरवितांना दोन्ही निरनिराळ्या तोलाव्या लागतात.

उजेड देणारा पडदा वांकविणें ही तोंवर असाध्य गोष्ट राहिली नव्हती. १९८७ सालीं कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंत चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनीं विजेनें स्वतः प्रकाशणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांचा पातळ थर करून दाखविला होता. मागें निराळ्या दिव्याची गरज नसल्यामुळें हा थर प्लॅस्टिकवर घेतां येई, आणि १९९२ सालीं कॅलिफोर्नियांत सांता बार्बारा येथील संशोधकांनीं तसा वांकणारा दिवा सिद्धही केला. खरी अडचण त्यावरच्या आवरणाची. येथें वांकविण्याच्या शास्त्रांतील एक साधा नियम सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. कोणतीही पट्टी वांकविली म्हणजे तिची बाहेरची बाजू ताणली जाते; आणि पट्टीच्या निम्म्या जाडीला वांकाच्या त्रिज्येनें भागिलें असतां हा ताण किती तें कळतें. वांकाची त्रिज्या दीड मिलिमीटर धरा. ०.६ मिलिमीटर जाडीची कांच घेतली तर तिची बाहेरची बाजू शेंकडा वीसनें लांबावी लागेल. कांच त्याच्या फार आधींच फुटते. तीच कांच ३० मायक्रॉनांची, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक, केली तर ताण शेंकडा एकावर येतो, आणि मग ती वांकते. कांच मऊ झाली नाहीं. ती केवळ पातळ झाली. मात्र इतकी पातळ कांच उघडी ठेवतां येत नाहीं म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा लागतो, आणि आपलें बोट शेवटीं त्या पापुद्र्यावरच फिरत असतें. नखाचा ओरखडा त्याला भिववितो तो यामुळें.

दुमडीची ही विपत्ति नवी नाहीं. पैठणी वर्षानुवर्षें एकाच घडीवर ठेवली तर ती तेथेंच चिरते. म्हणून घरांतील जाणत्या बायका मधून मधून ती उलगडून घडी बदलून ठेवतात. ही सवलत फोनला नाहीं. त्याची घडी जन्मभर एकाच रेषेवर पडावयाची. जुन्या काळीं लष्कराचे व प्रवाशांचे नकाशे कापून त्यांचे चौकोन कापडावर थोडथोडें अंतर ठेवून चिकटवीत. म्हणजे कागद कोठेंच दुमडत नसे, दुमडे तें कापड. मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं हीच युक्ति योजून दोन स्वतंत्र कांचा बिजागरीनें जोडल्या. पण नकाशाच्या फटींत एखादी नदी लुप्त झाली तरी चालतें, वाचतांना ओळीच्या मधोमध भिंत आलेली चालत नाहीं. तो प्रयोग दोन आवृत्त्यांनंतर थांबला.

अखंड पडद्याचा पहिला विक्रीचा फोन रॉयोल या चिनी कंपनीनें ऑक्टोबर २०१८ मध्यें जाहीर केला. (ती कंपनी २०२४ सालीं दिवाळखोरींत गेली, पहिलेपणाचा मान आणि नफा हे एकाच घरीं क्वचितच नांदतात.) मोठा गाजावाजा झाला तो सॅमसंगच्या 'गॅलक्सी फोल्ड'चा. २० फेब्रुवारी २०१९ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें तो दाखविला गेला. किंमत १,९८० डॉलर. विक्रीचा दिवस २६ एप्रिल. एप्रिलच्या मध्यास कांहीं पत्रकारांस तो परीक्षणार्थ देण्यांत आला आणि दोन-तीन दिवसांतच त्यांतील कित्येकांचे पडदे निकामी झाले. वर जो पापुद्रा होता तो दिसावयास बाजारांत मिळणाऱ्या चिकटपट्टीसारखा होता. ती काढून टाकावयाची असते असें समजून कांहींनीं तो सोलला, आणि त्याबरोबर पडद्याचा प्राण गेला. दुसरीकडे बिजागरीच्या वरच्या-खालच्या टोंकांशीं असलेल्या बारीक फटींतून कण आंत शिरले आणि पडद्याला खालून टेंगूळ आलें. हजारों घड्या सोसण्यासाठीं केलेलें यंत्र एका खड्यानें हरलें! विक्री पुढें ढकलली गेली. सप्टेंबरांत तोच फोन दुरुस्त होऊन आला. पापुद्र्याच्या कडा चौकटीखालीं दडविल्या होत्या, फटींवर टोप्या बसविल्या होत्या, पडद्याखालीं धातूचे जादा थर घातले होते. आपल्या देशांत तो ऑक्टोबर २०१९ मध्यें १,६४,९९९ रुपयांस आला. त्यामागोमाग मोटोरोलानें 'रेझर' हें जुनें नांव घेऊन उभा मिटणारा फोन काढला. एका वृत्तसंस्थेनें यंत्राकडून त्याच्या घड्या घालून पाहिल्या तेव्हां सुमारें सत्तावीस हजार घड्यांनंतर बिजागरी अडखळली. ३० मायक्रॉनांची कांच प्रथम आली ती फेब्रुवारी २०२० च्या सॅमसंग 'झेड फ्लिप'मध्यें. तोंवरचे पडदे नुसत्या प्लॅस्टिकचे होते.

त्यानंतरची प्रगति मान्य केली पाहिजे. पहिला 'फोल्ड' २७६ ग्रॅमांचा होता आणि मिटल्यावर बिजागरीशीं सतरा मिलिमीटर जाड भरे. जुलै २०२५ चा सातवा 'फोल्ड' २१५ ग्रॅमांचा असून मिटल्यावर ८.९ मिलिमीटर भरतो, म्हणजे साध्या फोनहून फारसा जाड नाहीं. पाण्यापासून संरक्षण २०२१ सालीं आलें. धूळ मात्र फार दिवस दाराशीं उभी होती. पूर्ण धूळरोधक म्हणून प्रमाणित झालेला पहिला घडीचा फोन गूगलचा, व तो २०२५ सालचा. घड्यांची हमी पूर्वीं दोन लाखांची असे. दिवसास शंभर घड्या धरल्या तर हा साडेपांच वर्षांचा हिशेब झाला. पुढें कंपनीनें पांच लाखांचा आंकडा दिला, तो साडेतेरा वर्षांहून अधिक भरतो. परंतु या घड्या यंत्राच्या हातांनीं, स्वच्छ खोलींत घातलेल्या असतात. त्या यंत्राला घाम येत नाहीं, तें कोंकणांतल्या आषाढांत एस्. टी.नें प्रवास करीत नाहीं, आणि त्याच्या खिशांत किल्ल्यांचा जुडगा नसतो. एवढा वजावाट धरूनही, हा फोन उघडझाक करतां करतां मोडतो, ही २०१९ सालची भीति आज शिळी झाली आहे असेंच आमचें मत आहे.

मग तो घ्यावा काय? येथें त्याच्या दोन जाती वेगळ्या कराव्या लागतात. उभा मिटणारा जो प्रकार आहे, तो उघडल्यावर साधा फोनच होतो. आमच्या कसोटीला तो उतरत नाहीं. त्यांत जागा वांचते एवढेंच. पण ही 'एवढेंच'ची गोष्ट आम्ही पुरुषांनीं बेतानें बोलावी, कारण आपल्या सदऱ्याला खिसा आहे आणि बायकांच्या पोशाखांत तो एक तर नसतो किंवा नांवाचा असतो. लहानशा बटव्यांत मावणारा फोन त्यांना सोयीचा वाटला तर तें नुसतें हौसेचें लक्षण नव्हे. शिवाय तो अर्धा उघडून मेजावर उभा राहतो. परदेशीं असलेल्या मुलानातवंडांशीं बोलतांना म्हाताऱ्या माणसांना हात अवघडून धरावा लागत नाहीं. ही सोय खरी आहे. पण एखादा दोन-तीनशें रुपयांचा फोन टेकविण्याचा स्टँडही ती देतो, हेंही खरें आहे.

पुस्तकासारखा उघडणारा प्रकार मात्र कसोटीला उतरतो, आणि म्हणूनच त्याविषयीं निर्णय करणें कठीण. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मागील वर्षीं मोडी कागदाचें छायाचित्र अशा आठ इंची उघड्या पडद्यावर आम्हांस दाखविलें. साध्या फोनवर अक्षर मोठें केलें कीं ओळ हरवते. येथें अख्खी ओळ एका दृष्टींत आली. मोडीचें वाचन ओळीच्या ओघावर चालतें, कारण लेखणी न उचलतां लिहिलेल्या त्या लिपींत शब्द कोठें तुटतो हें मागच्यापुढच्या अक्षरांवरूनच कळतें. जुन्या मासिकांच्या छायाप्रती, कायद्याचे निवाडे, रुग्णांचीं छायाचित्रें, घरबांधणीचे आराखडे — असें पानभर पाहण्याचें काम ज्यांच्या मागें दिवसभर, आणि तेंही घराबाहेर, लागलेलें असतें, त्यांच्या हातीं हा फोन शोभेचा राहत नाहीं. आमच्या त्या विद्यार्थ्याला रोज दोन तास आगगाडींत काढावे लागतात. त्याचें निम्में वाचन तेथेंच होतें. त्यानें तो हप्त्यानें घेतला आहे, आणि आम्हीं त्याला दोष दिला नाहीं.

पण सातव्या 'फोल्ड'ची किंमत आपल्याकडे १,७४,९९९ रुपयांपासून सुरू झाली. चाळीस हजारांचा चांगला साधा फोन आणि तीसेक हजारांचें अकरा इंची टॅब्लेट घेतलें तर त्याच्या निम्म्याहून कमी रकमेंत पडदा मोठा मिळतो, आणि एक वस्तु पडली तर दुसरी शाबूत राहते. घडीच्या फोनचा आंतला पडदा फुटला तर तो बदलण्यास एका चांगल्या साध्या फोनची किंमत पडूं शकते. घरांत मुलीच्या शिक्षणाची फी, वडिलांचें औषधपाणी आणि घराचा हप्ता असे तीन दरवाजे उघडे असतां हा चौथा उघडावा, असें निदान शिक्षकी पगारावर चालणाऱ्या घराला आम्ही सांगणार नाहीं. ज्याचें उघडणें दिवसांतून दहा-वीस वेळां कामासाठीं होणार असेल त्यानें घ्यावा. आणि आठवड्यानें ज्याला तो उघडण्याची आठवण राहणार नाहीं त्यानें साधाच घ्यावा. बहुतेक गिऱ्हाइकें दुसऱ्या वर्गांत मोडतात, असें बाजारच सांगत आहे: इतक्या वर्षांनंतरही जगांत विकल्या जाणाऱ्या शंभर स्मार्टफोनांत घडीचे एक-दोनच असतात. वनप्लस कंपनीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें आपला पहिला घडीचा फोन खुद्द मुंबईंत समारंभानें, १,३९,९९९ रुपयांस, पुढें आणला. २०२५ सालीं त्याची दुसरी आवृत्ति काढणार नाहीं असें तिनेंच जाहीर केलें. गुंडाळीला हटविण्यास पुस्तकाला तीन शतकें लागलीं, तेव्हां सहा-सात वर्षांवरून या फोनचें भवितव्य वर्तविण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. भवितव्यासाठीं आज पैसे मोजावे काय, एवढाच प्रश्न आहे, आणि घाई नसलेल्या माणसाला दोन-तीन वर्षें थांबण्यांत तोटा दिसत नाहीं. पहिल्या सहा वर्षांत वजन आणि जाडी जितकी उतरली तितकी किंमत उतरली नाहीं, तिची पाळी अजून यावयाची आहे.

कारखानदार मात्र थांबलेले नाहींत. सप्टेंबर २०२४ मध्यें हुआवेनें तीन पदरांचा, दोन घड्यांचा फोन चीनमध्यें विक्रीस आणला. आरंभींची किंमत १९,९९९ युआन, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें सव्वादोन लाख रुपयांहून अधिक. पंख्याच्या पात्यांप्रमाणें उलटसुलट दुमडणारी ही घडी पाहून आम्हांस कर्नाटकांतील 'कडत' आठवलें. व्यापारी आणि मठांचे कारभारी कापडाच्या लांब पट्टीवर चिंचोक्याची खळ व कोळशाची पूड यांचा लेप देऊन, तिच्या अशाच उलटसुलट घड्या घालून तीवर पांढऱ्या खडूनें हिशेब लिहीत. लेप झिजला म्हणजे पुन्हां खळ व कोळसा लावून तेंच कडत पुढच्या वर्षाच्या जमाखर्चाला घेत असत.